पहाटे आंबट, संध्याकाळी गोडसर!

घोळूच्या कुंडीला चार-सहा दिवस पाणी तोडा. मग एक पान पहाटे चाखा आणि एक संध्याकाळी. पहाटेचं चांगलंच आंबट लागेल!

ही करामत मॅलिक आम्लाची. पाण्याचा ताण पडला की घोळू दिवसा पानांवरची रंध्रं मिटून घेतो, म्हणजे ओल उडत नाही. रात्री गारव्यात ती उघडायची, कार्बन डायऑक्साइड आत ओढायचा आणि मॅलिक आम्ल करून साठवायचा. उजाडलं की दारं बंद, आणि दिवसभराचं अन्न रांधायचं ते या रात्रीच्या शिदोरीवर. संध्याकाळपर्यंत ती संपते, आंबटपणाही सरतो. पाणी भरपूर असताना मात्र हाच घोळू मका-उसाच्या पद्धतीने जगतो. या दोन्ही पद्धती त्याच्या एकाच पेशीत नांदतात, हे येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं. आणि आपण त्याला तण म्हणून खुरपून बांधावर फेकतो!

पानांची अशी बदलती चव भारतातही फार पूर्वी टिपली गेली होती. इथे काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीची पानं चक्क चावून पाहिली : सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडसर. त्याचं ते पत्र १८१५ मध्ये लंडनला छापून आलं. प्रयोगशाळा म्हणजे जीभ!

राजगिऱ्याच्या एका भाऊबंदाची तऱ्हा आणखी न्यारी. त्याच्या पानात ऑक्झॅलिक आम्ल आणि कॅल्शियमचे बारीक स्फटिक असतात. रंध्रं मिटली की हे स्फटिक विरघळतात आणि त्यांच्यातूनच कार्बन डायऑक्साइड मिळतो, असं ग्रीक संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं. हेच ऑक्झॅलिक आम्ल हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबेत असतं. तिथे ते घाटेअळीची वाढ रोखतं.

आणि व्हिनेगर? जपानच्या रिकेन संस्थेने २०१७ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या वनस्पतीच्या रोपांना आधी व्हिनेगरमधलंच ॲसेटिक आम्ल पातळ करून पाजलं, मग पाणी तोडलं. साधं पाणी प्यालेली रोपं माना टाकत असताना ही तगली. आम्लामुळे त्यांच्यात जॅस्मोनिक आम्ल तयार होऊन बचावाची जनुकं जागी झाली होती. भात, गहू, मक्यातही तोच गुण दिसला.

तरी स्वयंपाकघरातली बाटली उचलून मेथी-पालकाच्या वाफ्यात ओतू नका. तीव्र व्हिनेगर लोक तण जाळायला वापरतात. कोवळी रोपं त्यात करपतीलच.