माल नेमका कोठे अडतो? खरेदीचे जाळे कागदावर मांडा

व्यापारी बंधूंनो, "सगळा माल एकाकडून घेऊ नये, तीन जागी खाते ठेवावे," हा सल्ला आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. सल्ला चांगला आहे, पण अपुरा आहे. तीन घाऊक व्यापारी म्हणजे तीन वाटा, असे नेहमीच नसते.

उदाहरणादाखल सिहोऱ्यातील एखादे कापड दुकान घ्या. दुकानदार साड्या एक तुमसरहून आणि दोन नागपूरच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून उचलतो. पण तिघांच्याही सिंथेटिक साड्या सुरतेहून येत असतील तर नावे तीन झाली, उगम एकच राहिला. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक सुरत सोडून गेले. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुरात शहराचा मोठा भाग बुडाला. जुलै २०१७ मध्ये जीएसटीविरोधात तिथल्या कापड बाजाराने बंद पाळला. कारणे निराळी, पण अशा वेळी तिन्ही वाटा एकदमच आटतात.

सुती मालाचेही तसेच. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी ही यंत्रमागाची गावे वेगळी, पण त्यांचे ग्रे कापड रंगाईसाठी राजस्थानात पाली-बालोत्र्यालाही जाते. प्रदूषणाच्या कारणावरून तिथले रंगाई कारखाने बंद राहिल्याचे प्रसंग घडले आहेत. माग चालू आणि रंगाई बंद, तर दुकानात माल येणार कोठून?

मोठ्या कंपन्या यासाठी संगणकावर पुरवठ्याच्या जाळ्याचा अभ्यास करतात. आपल्याला कोरा कागद आणि पेन्सिल पुरे. मधोमध आपले दुकान काढा. ज्यांच्याकडून माल येतो त्यांच्यापर्यंत रेघा ओढा. मग प्रत्येकाला विचारा, "शेठ, हा माल आपल्याकडे कोठून येतो?" उत्तर मिळेल तशी रेघ पुढे न्या: रंगाई, माग, सूत. ट्रान्सपोर्ट आणि रस्ताही मांडा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा जिल्ह्यातले रस्ते अडवले होते.

आता प्रत्येक गाठ बोटाने झाकून पाहा. ती नसेल तर किती माल बंद होतो? दुसरीकडून आणायला किती दिवस लागतील? जिच्यामुळे सर्वांत जास्त माल अडतो ती गाठ धोक्याची. ती मोठीच असते असे नाही. साडीला फॉल, ड्रेसला जुळते अस्तर मिळाले नाही तर आपल्या टेलर बंधूंचे कामही थांबते.

जपानात १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ सगळा तिथूनच मिळे. तेवढ्यासाठी टोयोटाचे कारखाने थांबले. मात्र इतर पुरवठादार मदतीला धावले; शिलाई मशीन बनवणाऱ्या ब्रदर कंपनीनेही तो व्हॉल्व्ह बनवला. आठवडाभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. म्हणजे जाळ्यात जसा धोका असतो, तशी मदतही असते. मात्र ओळख आणि एतबार आधीपासून हवा.

प्रत्येक मालाला दोन पुरवठादार शोधत बसू नका. त्यात भांडवल अडकते आणि भावही चढा पडतो. धोक्याच्या एकदोन गाठींपुरतीच सोय करा. सुरतेच्या साडीसोबत वारासिवनीची किंवा आपल्याच जिल्ह्यातील मोहाडी-आंधळगावची हातमागाची साडी थोडी ठेवा. ती महाग असते, सिंथेटिकची जागा पूर्ण घेणार नाही. पण गल्ला अगदी रिकामा राहणार नाही. नव्या व्यापाऱ्याकडून मंदीच्या दिवसांत लहान ऑर्डर घ्या आणि पैसे वेळेवर चुकवा, म्हणजे अडचणीत तो आपल्याला ओळखेल. ज्याला पर्यायच नाही अशा वस्तूचा पंधरा दिवसांचा साठा ठेवा.

हा कागद रमजान आणि लगीनसराईच्या खरेदीपूर्वी दरवर्षी नव्याने मांडावा, कारण आपल्याला न कळता घाऊक व्यापारीही आपला उगम बदलत असतात.