जोत्यातील ओल आणि आपली घरे

पावसाळा सुरू झाला की उपनगरांतील तळमजल्याच्या खोल्यांत भिंतीच्या पायथ्याशी ओलसर पट्टा उमटतो. रंगाचे पोपडे सुटतात, कपाटातील वह्या व दाखल्यांना बुरशी धरते आणि कोंदट हवेत दम्याच्या मुलांना रात्र काढणे जड जाते. आपला नेहमीचा उपाय म्हणजे दिवाळीला नवा रंग. तो पुढचा आषाढही पाहत नाही, कारण दोष रंगाचा नसून जोत्याचा असतो.

थंड देशांत पुष्कळ घरांच्या जमिनीखाली माणूस सरपटत जाईल एवढी पोकळी ठेवतात व ती कोरडी राखतात. आपल्याकडे तशी पोकळी नसते. जोते मुरूम-दगडांनी भरलेले, त्यावर कोबा किंवा लादी. भरणीतील पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावे तसे, तीनेक फुटांपर्यंत चढू शकते. ते अडवण्यासाठी जोत्याच्या माथ्यावर भिंतीखाली ओलप्रतिबंधक थर घालतात. जुन्या बैठ्या चाळींत तो पुष्कळदा नसतोच.

जिथे असतो तिथेही तो निकामी होतो, आणि ही गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असे पाणी एकदा घरात शिरले, किंवा डांबराच्या थरांवर थर चढून रस्ता उंच झाला, की माणसे डेब्रिज टाकून घराची जमीन वर घेतात. ते योग्यच. परंतु नवी भरणी जुन्या थराच्या वर भिंतीला टेकते आणि ओलीला मोकळी वाट मिळते. म्हणून भरणी टाकण्यापूर्वी भिंतीच्या तेवढ्या भागाला जलरोधक लेप द्यावा व कोब्याखाली जाड प्लास्टिक अंथरावे. मुलुंड-भांडुपच्या मिठागरांकडील, खाडीलगतच्या वस्त्यांत क्षारांमुळे लोणाही लागतो. लोणा हवेतील दमटपणा ओढतो. असा गिलावा खरवडून काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

ओल कोठून येते हे आधी ठरवावे. दीड फूट चौरस प्लास्टिक लादीवर चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावे. खालून थेंब धरले तर ओल जमिनीतली. वरून धरले तर हवेतली, म्हणजे स्वयंपाकाची वाफ व घरात वाळणारे कपडे. भर मे महिन्यातही कोपरा ओला असेल तर मोरी किंवा नळ तपासावा. शेजारची मोरी असली तर गोडीगुलाबीने बोलावे, दुसरा मार्ग नाही.

घरदुरुस्तीच्या कर्जासाठी बँकेत येणाऱ्या अंदाजपत्रकांत चकचकीत लादी व ऑइलपेंट ठळक असतो, जोत्याचे काम क्वचितच दिसते. वास्तविक अशा लादीने व रंगाने ओल कोंडली जाते आणि भिंतीत आणखी वर चढते.

बाहेरून घराभोवती उताराचा कोबा करावा, भिंतीला टेकलेली माती व कुंड्या हलवाव्यात, पागोळ्यांचे पाणी पन्हळीने गटारात सोडावे. आतून ओलीच्या रेषेपेक्षा फूटभर वरपर्यंतचा गिलावा फेब्रुवारीत काढावा, विटा उन्हाळाभर वाळू द्याव्यात, आणि मेअखेर नवा गिलावा करून तो पूर्ण सुकल्यावर चुन्याचा हात द्यावा. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे.