व्यायामाचा पोषाख आणि मनाचा संकोच

व्यायामाला पोषाख कोणता असावा, याचें उत्तर त्या त्या व्यायामांतच असतें. तालमींत लंगोट कसतात तो अंग मिरविण्यासाठीं नव्हे. सैल वस्त्र डावपेंचांत अडकतें. मल्लखांबावर पकड उघड्या अंगाची. सदरा घातल्यास ती बसत नाहीं. आजच्या जिममध्यें फिरत्या पट्ट्यावर लोंबती ओढणी नको, हा नियमहि त्याच जातीचा.

परंतु जेथें असें कारण संपतें, तेथें नियमाचा अधिकारहि संपावा. २०२१ सालीं बासल येथील युरोपीय स्पर्धेंत, व पुढें तोकियो ऑलिंपिकमध्यें, जर्मनीच्या महिला जिम्नॅस्ट घोट्यापर्यंत पाय झांकणारा पोषाख घालून उतरल्या. नियमांत ती मुभा आधींपासूनच होती. आड येत होती ती रूढि. जिला ज्या वस्त्रांत मोकळें वाटेल तें तिनें निवडावें, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

स्थूल वा कृश माणूस पहिल्या दिवशीं आरशापुढें लाजतोच. त्याला अंग झांकावेंसें वाटलें, तर खुशाल झांकूं द्यावें. आधीं कमावलेलें शरीर दाखव, मग आंत ये, असें सुचविणें म्हणजे पोहतां येईपर्यंत पाण्यांत उतरूं नकोस म्हणण्यासारखें आहे. असा माणूस दारावरूनच परततो, आणि ज्याला व्यायामाची गरज सर्वांत अधिक, तोच त्याला मुकतो.