रंगीत लॉग दाखवणारं टूल टाकलंत, पण काढताना ‘पर्ज’ कुठे मारायचं ते माहितीये का?

अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा एमआयडीसीत सपोर्टच्या नोकरीला नवीन लागलेल्या पोरापोरींच्या नाइट शिफ्टचा मोठा वेळ लॉग वाचण्यात जातो. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोण आलं, काय मागितलं, काय बिघडलं, हे सगळं वेळेसकट एकेका ओळीत पडत असतं. वेबसाइट बंद पडली की हजारो ओळींतून एक ‘एरर’ शोधायची, आणि काळ्या स्क्रीनवर सगळ्या ओळी एकाच रंगाच्या. लोकलच्या मोटरमनला सगळे सिग्नल पांढरेच दिसले तर कसं होईल, तसंच.

म्हणून ओळी रंगवून दाखवणारी छोटी टूल्स आहेत. त्यातलं जुनं म्हणजे सीसीझेडई. एलनॅव्ह त्याहून मोठं, ते अनेक फाइल्स वेळेनुसार एकत्र लावून दाखवतं. (नुसते सिस्टिमचे लॉग बघायचे असतील तर आधी जर्नलसीटीएल चालवून बघा. बहुतेक लिनक्समध्ये ते असतंच आणि एरर लाल दाखवतं. काही टाकायची गरजच नाही.)

उबंटू किंवा डेबियनवर सीसीझेडई टाकायला ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल सीसीझेडई’. इथे उच्चाराप्रमाणे लिहिलंय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं. नंतर ‘टेल डॅश एफ’पुढे लॉग फाइलचं नाव, मग उभी रेघ म्हणजे पाइप, मग ‘सीसीझेडई डॅश ए’. यातला शेवटचा ए कॅपिटल. ओळी येतील तशा रंगत जातात.

मूळ फाइलला मात्र रंग लागत नाही, तो फक्त स्क्रीनवर असतो. टर्मिनलला गुपचूप कोड जातात: ३१ म्हणजे लाल, ३२ हिरवा, ३३ पिवळा. हेच रंगीत आउटपुट तुम्ही दुसऱ्या फाइलमध्ये सेव्ह केलंत तर कोडही त्यात जातात, मग शब्दांच्या मधेच विचित्र चिन्हं दिसतात आणि शोध फसतो. सेव्ह करायचा तो साधा लॉग.

आता काढायचं. ‘ॲप्ट रिमूव्ह’ केलं की प्रोग्रॅम जातो, पण ईटीसी फोल्डरमधली सेटिंगची फाइल राहते. ‘डीपीकेजी डॅश एल’च्या यादीत त्या पॅकेजसमोर ‘आरसी’ दिसतं ते यामुळेच: काढलंय, सेटिंग शिल्लक आहे. तेही नको असेल तर ‘ॲप्ट पर्ज’. तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइल्सना पर्जही हात लावत नाही, त्या स्वतः काढायच्या. सोबत आलेली पॅकेजेस ‘ऑटोरिमूव्ह’ने जातात. पण वाय दाबण्याआधी यादी वाचा, प्लीज.

सीसीझेडईवर पर्ज मारलं तर काही बिघडत नाही, कारण ते लॉग फक्त दाखवतं. गोची होते ती पर्जची सवय लागल्यावर. डेबियनचा नियमच आहे की पॅकेज रिमूव्ह केलं तर त्याचे लॉग राहावेत आणि पर्ज केलं तर तेही जावेत. म्हणजे एन्जिनएक्ससारखा वेब सर्व्हर नीट चालत नाही म्हणून कोणी तो पर्ज करून पुन्हा टाकला, तर काय बिघडलं होतं हे सांगणारे लॉगही गेले.

हा फक्त डोकेदुखीचा विषय नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांना आपल्या सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. त्यामुळे ऑफिसच्या सर्व्हरवर काहीही टाकण्या-काढण्याआधी सीनियरला विचारा आणि लॉगची कॉपी दुसरीकडे आहे ना ते बघा.

सराव घरच्या लॅपटॉपवरच करा. पवईच्या आयआयटी बॉम्बेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, तेही फुकट. आणि मधल्या काळात काय काय टाकलं हेच विसरलात, तर व्हार-लॉगमधल्या ॲप्ट फोल्डरमध्ये ‘हिस्टरी डॉट लॉग’ उघडा. कोणत्या तारखेला कोणती कमांड दिली, काय आलं, काय गेलं, सगळं तिथे लिहिलेलं असतं.