कसबी आणि कारभारी (लेखांक सातवा) : बांधकामाला नको म्हणणारा कंत्राटदार

अंबरपेठेत बतुकम्माचे दिवस आले की सहा नंबरच्या चौकाकडे जाताना पाय जपून टाकावे लागतात. रस्त्याच्या कडेला तंगेडूची पिवळी फुलं, गुनुगूचे तुरे, झेंडू यांचे ढीग आणि मध्ये पोती पसरून बसलेल्या बायका. सकाळी सांगितलेला भाव दिवेलागणीला निम्म्यावर येतो, आणि रात्री उरलेला माल तिथेच टाकून त्या उठतात. हा धंदा तासांचा. चुना थांबतो, दगड थांबतो, फूल थांबत नाही. या धंद्याने ज्या घराण्याला आडनाव दिलं त्यातला एक माणूस पुढे थांबणाऱ्या मालाकडे वळला, आणि शहराच्या कारभारातही बसला. आज त्याच्याबद्दल.

मागच्या दोन लेखांकांत आपण बॉस्टनच्या पॉल रिव्हिअरकडे होतो. चांदीचा कारागीर, नंतर घंटा आणि तोफा ओतणारा, दोन लग्नांतून सोळा मुलांचा बाप आणि १७९९ मध्ये बॉस्टनच्या आरोग्य मंडळाचा पहिला अध्यक्ष. अमेरिकेच्या त्या वसाहतींमध्ये गावसभा भरायची आणि वर्षभरासाठी माणसं नेमायची: कातडं तपासून शिक्का मारणारा एक, शेताची कुंपणं पाहणारा एक, मोकाट डुकरांचा बंदोबस्त करणारा एक. मोची, सुतार, लोहार हीच मंडळी ही कामं करायची. दुकान सांभाळून गावाचं काम. आपल्याकडे याच्या जवळ जाणारा माणूस कोण, हे शोधताना मी एका सरकारी निवेदनाशी अडखळलो.

तारीख १९ ऑक्टोबर १८८२. हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यातून एक निवेदन गेलं. सही करणाऱ्याने पत्ता दिला पेठ जुना गंज, आणि स्वतःची ओळख तीन शब्दांत दिली: व्यापारी, शेतकरी, म्युनिसिपल कमिशनर. नाव जोतीराव गोविंदराव फुले. मुलींची शाळा काढून तेव्हा चौतीस वर्षं झाली होती, ‘गुलामगिरी’ छापून नऊ. यातलं काहीही त्यांनी नावाखाली लिहिलं नाही. धंदा लिहिला आणि पद लिहिलं. ‘महात्मा’ हा शब्द नावामागे लागायला अजून सहा वर्षं होती.

आधी ‘कमिशनर’ या शब्दाचा घोळ निस्तरू. आज हा शब्द ऐकला की लाल दिव्याची आठवण येते. तेव्हा म्युनिसिपालिटीच्या सभासदालाच कमिशनर म्हणत. फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते, आणि तेही सरकारने नेमलेले. निवडणूक नव्हती. रिव्हिअरला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ओळखून पुढे केलं, फुल्यांना सरकारने. हा फरक झाकायचं कारण नाही.

आता घराणं. मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. तिथे जोतीरावांचे पणजोबा चौगुला होते. ज्यांचं बालपण शहरात गेलं त्यांच्यासाठी सांगतो: चौगुला म्हणजे पाटलाचा मदतनीस, गावकामगारांतला खालच्या पायरीवरचा माणूस. काम वंशपरंपरेचं. चरित्रकार सांगतात ती हकीकत अशी की कुळकर्ण्याशी वैर आलं आणि कुटुंबाला गाव सोडावं लागलं. ते पुरंदरातल्या खानवडीला आले, आणि पुढच्या पिढीत शेटिबा पुण्याला. शेटिबांचे तीन मुलगे राणोजी, कृष्णा आणि गोविंद एका फुलवाल्याच्या हाताखाली धंदा शिकले. पुढे पेशव्यांकडे फुलं पुरवू लागले, पस्तीस एकर इनाम मिळालं आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. इनाम मिळालेल्या घरात पुढे जे होतं तेच झालं. थोरल्याने सगळं ताब्यात घेतलं, धाकटे दोघे मोकळ्या हाताने राहिले. गोविंदरावांनी पुण्यात फुलं-भाजीचं दुकान घातलं. जोतीराव १८२७ मध्ये याच घरात जन्मले. वर्षाच्या आत आई चिमणाबाई गेली, आणि गोविंदरावांची मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनी मुलाला वाढवलं.

सासर मात्र पाटलाचं. १८४० मध्ये लग्न झालं ती सावित्री ही नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची मुलगी. म्हणजे एकीकडे वतन गमावलेला चौगुला, दुसरीकडे वतन राखून असलेला पाटील. गावच्या पदाला काय वजन असतं आणि ते कसं जातं, हे या जोडप्याला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

जोतीरावांना शाळेतून काढून मळ्यात लावलं होतं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी गोविंदरावांना समजावलं म्हणून ते १८४१ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. १८४७ च्या सुमारास त्यांच्या हाती टॉमस पेनचं मनुष्याच्या हक्कांवरचं पुस्तक आलं. हा पेनसुद्धा आपल्या लेखमालेतलाच गडी. इंग्लंडात बायकांच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या चोळ्या शिवणाऱ्याचा मुलगा, स्वतः तोच धंदा शिकलेला, लुइस गावी तंबाखूचं दुकान सांभाळून गावच्या कारभारात लक्ष घालणारा. १७७४ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि दोनच वर्षांत वसाहतींचं मन त्याने फिरवलं. दुकानदाराचं पुस्तक दुकानदाराच्या मुलाने वाचलं, एवढं लक्षात ठेवू.

शाळा काढली म्हणून १८४९ मध्ये वडिलांनी घर सोडायला सांगितलं. फुलांचं दुकान, मळा, वडिलांची पत, सगळं एका दिवसात सुटलं. पुढच्या चाळीस वर्षांचा संसार, शाळा, पाणपोई, पुस्तकांची छपाई हे सगळं कशावर चाललं? चरित्रांतून हा प्रश्न दोन ओळींत उरकतात. मला तिथेच थांबावंसं वाटतं.

१८६३ मध्ये त्यांनी मुशींचा धंदा सुरू केला. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. तांबट, ओतारी, सोनार, टाकसाळ, कारखाना, कुणाचंच तिच्यावाचून चालत नाही, आणि तापून तापून ती फुटते म्हणून गिऱ्हाईक परत येतं. हुशारीचा माल आहे. त्याच १८६३ मध्ये या दांपत्याने फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. एका हाताने दुकान, दुसऱ्या हाताने हे.

मग कंत्राटं. खडकवासल्याचं धरण १८६९ ते १८७९ या काळात उभं राहिलं. त्याला बांधकामाचा माल पुरवणाऱ्यांत फुले होते. कात्रजच्या बोगद्याला त्यांनी मजूर पुरवले, येरवड्याकडची कामं घेतली. मोबाइलवर एक यादी फिरते, त्यात निम्मं पुणं आणि पाव मुंबई फुल्यांनीच बांधलेली असते. ती मी इथे उतरवत नाही. जेवढं नक्की आहे तेवढंही पुरेसं आहे. धरणावर दगड-चुना पोचवायचा म्हणजे भट्टीवाल्याला आगाऊ पैसे द्यायचे, बैलगाड्या जमवायच्या, ओव्हरसियरकडून माप लिहून घ्यायचं आणि बिल निघेपर्यंत मजुरांची चूल पेटती ठेवायची. इंजिनियर खात्यातले कामगार काय उद्योग करतात यावर फुल्यांनी चक्क पोवाडा रचला. बिल अडकलेल्या माणसाशिवाय तो कोण रचणार? आणि धरणाचा कालवा आल्यावर त्यांनी मांजरीला जमीन घेऊन बागायत केली. पाणी अडवायला माल पुरवला आणि तेच पाणी स्वतःच्या पिकाला लावून पाहिलं. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये बंधारे, पाणी, माती यांची चर्चा इतकी हातची का वाटते, ते इथे कळतं.

आता आपल्या हैदराबादकरांच्या जवळची गोष्ट. मुंबईत बांधकामाच्या धंद्यात निजामाच्या मुलखातून गेलेली कामाठी मंडळी मोठ्या संख्येने होती. कामाठीपुऱ्याला नाव त्यांच्यावरूनच पडलं. त्यांच्यातले जे मजुरीवरून कंत्राटदारीवर आले ते तेलुगू व्यावसायिक फुल्यांचे खंदे सोबती झाले: व्यंकू बाळाजी काळेवार, जया कराडी लिंगू, नरसिंगराव सायबू वडनाला, रामय्या व्यंकय्या अय्यावारू. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज निघाला, त्याला यांच्यातल्या काहींनी छापखाना मिळवून दिला. बोरीबंदरासमोरची मुंबई महापालिकेची इमारत बांधली ती काळेवारांनी. १८९३ मध्ये ती पुरी झाली तेव्हा खर्च मंजूर रकमेपेक्षा सुमारे ६८ हजार रुपयांनी कमी आला होता. आमच्या अंबरपेठेतल्या उड्डाणपुलाखाली वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या माणसाला हे वाक्य दोनदा वाचावं लागतं. पुण्याच्या माळ्याची आणि तेलंगणातून गेलेल्या गवंड्यांची ही मैत्री धंद्यातून जुळली. इकडे दगड-विटांचा हिशेब, तिकडे छापखाना. इतिहासाच्या पुस्तकांत ‘मुंबईचे काही हितचिंतक’ म्हणून ती मिटवून टाकतात, हे मला खटकतं.

सरकारी कामं घेणारा कंत्राटदार सरकारनेच म्युनिसिपालिटीवर नेमलेला. आजचा वाचक इथे भुवई उंचावणार. उंचवावीच. आपण रोजच्या वर्तमानपत्रात कंत्राटदार नगरसेवक पाहतो आणि त्याचं मत कुठे पडणार हे आधीच सांगू शकतो. म्हणून फुल्यांची मतं कुठे पडली ते पाहायला हवं.

व्हाइसरॉय पुण्याला येणार होता. शहर सजवायला आणि स्वागताला हजार रुपये खर्चावेत असा ठराव आला. सगळे सभासद सरकारचेच, त्यामुळे ठरावाला अडचण नव्हती. फुले एकटे विरोधात गेले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. १८८० मध्ये शहरात दारूच्या दुकानांना परवाने वाढू लागले, तेव्हा त्यांनी कार्यकारी समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहिलं. म्युनिसिपालिटी लोकांच्या आरोग्यावर पैसा घालवते आणि शेजारी गुत्ता उघडू देते, यातला हिशेब त्यांना जुळत नव्हता.

मग मंडईचा प्रश्न आला. शनिवारवाड्यापुढच्या उघड्या बाजारातले भाजीवाले, फळवाले उचलून मोठ्या इमारतीत बसवायचे, खर्च तीन लाखांच्या वर. हरी रावजी चिपळूणकर आणि फुले यांनी विरोध केला. भाजीवाल्याच्या मुलाचा भाजीमंडईला विरोध, आणि बांधकामाच्या माणसाचा बांधकामाला. तीन लाखांच्या दगडी कामात आपल्या पेशाच्या लोकांना काय मिळतं हे त्यांच्याइतकं सभागृहात कुणाला ठाऊक असणार? त्यांचा हिशेब असा की एवढ्या पैशात मुलं शिकतील. त्यांचं कुणी ऐकलं नाही. १८८६ मध्ये गव्हर्नर रे यांच्या नावाने मंडई उघडली. पुढे तिचं नाव बदलून महात्मा फुले मंडई केलं. पुणेकर आज ‘मंडई’ एवढंच म्हणतात, त्यामुळे कुणाचीच पंचाईत होत नाही.

मंडई बांधायला नको होती असं मला वाटत नाही. उन्हापावसात माल घेऊन बसणाऱ्याला छप्पर लागतंच, सहा नंबरच्या चौकातल्या बायकांना विचारा. पण कंत्राटदाराने विटेपेक्षा शाळेच्या बाजूने बोलावं, ही गोष्ट तेव्हाही दुर्मीळ होती.

आता परत त्या निवेदनाकडे. त्यात फुल्यांनी बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं. मास्तर शेतकरी वर्गातून घ्या, नांगराची रुमणी किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणार नाही असा घ्या. त्याला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावात पंधरा-वीस. मुलांना मोडी, बालबोध, हिशेब शिकवा. हा मजूर ठेवणाऱ्याचा हात आहे: कुणाला नेमायचं, किती द्यायचं, काय काम घ्यायचं. आणि मग म्युनिसिपालिटीविषयीचं कलम येतं. मोठ्या शहरांतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च म्युनिसिपालिटीवर टाका, पण शाळांचा कारभार सर्वस्वी तिच्या हाती देऊ नका, शिक्षणखात्याची देखरेख ठेवा. खाली सही करणारा स्वतः म्युनिसिपल कमिशनर. सहा वर्षं त्या खुर्चीवर बसून त्याचा काय अनुभव झाला, ते या एका कलमात आलं.

१८८८ मध्ये पक्षाघाताने उजवी बाजू गेली. कंत्राटदाराचा धंदा पायांवर असतो. तो बसला आणि घरातला पैसा आटला, दत्तक मुलगा यशवंत अजून शिकत होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून मदत आली. शेवटचं पुस्तक डाव्या हाताने लिहून काढलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले तेव्हा दत्तकाच्या हक्कावरून भाऊबंद अडून बसले, म्हणून सावित्रीबाईंनी टिटवं हातात घेतलं आणि प्रेतयात्रेपुढे त्या चालल्या. पाटलाची लेक.

इथे बेगमपेठेत, जिथे मुख्यमंत्री राहत त्या वास्तूला डिसेंबर २०२३ मध्ये जोतिबा फुले प्रजाभवन असं नाव दिलं. तिथे लोक अर्ज घेऊन रांगेत उभे राहतात. रस्ता, पेन्शन, घर, अडकलेलं बिल.

पुढच्या आठवड्यात व्यंकू काळेवार, आणि कामाठी मंडळींनी बांधलेली मुंबई.