पस्तिशीनंतरच्या दुर्गाबाई

जोधाबाई हे नाव घेतले की कर्जत-खालापूरकडच्या तरुण श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे एक चित्र चटकन उभे राहते. कर्जतजवळच्या एन. डी. स्टुडिओत आग्र्याच्या किल्ल्याचा भव्य देखावा उभारला गेला आणि २००८ साली 'जोधा अकबर' पडद्यावर आला. आपल्याच भागांत घडलेला म्हणून येथल्या पुष्कळांना तो बोलपट घरचा वाटतो. त्यांतली जोधा तरुण आहे, नवपरिणीत आहे, तिच्यापुढे सारा संसार पडलेला आहे. परंतु त्याआधी अठ्ठेचाळीस वर्षे, १९६० साली, 'मुघल-ए-आझम'मध्ये दुसरी एक जोधाबाई लोकांनी पाहिली होती. तो बोलपट प्रदर्शित झाला तेव्हा ती भूमिका करणाऱ्या दुर्गाबाई खोटे पंचावन्न वर्षांच्या होत्या. एका बाजूस बादशहा पती, दुसऱ्या बाजूस बंडखोर पुत्र, आणि दोघांच्या मध्ये ही बाई. तिच्या हाती हुकूम नाही, तलवार नाही. आहे ती केवळ उभे राहण्याची एक रीत. तरीसुद्धा पृथ्वीराज कपूर आणि दिलीपकुमार ह्या दोघांच्या तोडीस तोड ती उभी राहते. हे बळ दुर्गाबाईंनी कोठून आणले, ह्याचा शोध घ्यावा असे आम्हांला वाटते.

दुर्गाबाईंचा पूर्वार्ध सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यामुळे त्यावर आम्ही फार वेळ घालवीत नाही. जन्म १४ जानेवारी १९०५ चा, माहेर मुंबईतील लाड घराण्याचे, मूळ गोव्याकडचे. शिक्षण सेंट झेवियर्स कॉलेजपर्यंत. सासर खोट्यांचे, सधन. सव्विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरी दोन मुलगे. १९३१ साली 'फरेबी जाल' ह्या चित्रपटात लहानसे काम केले. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'त व्ही. शांताराम यांनी त्यांना तारामती केले. प्रतिष्ठित घरची बाई बोलपटांत काम करते, ही त्या काळी साधी बातमी नव्हती. १९३६ च्या 'अमर ज्योती'त तर त्या सौदामिनी नावाच्या, जहाजे लुटणाऱ्या बंडखोर स्त्रीच्या रूपांत दिसल्या. पुढे 'साथी' ह्या बोलपटाची निर्मिती आणि दिग्दर्शनही त्यांनी केले. येथवरची हकीकत सांगताना लोक रंगून जातात आणि मग एकदम 'त्या पुढे आईच्या भूमिका करू लागल्या' असे म्हणून थांबतात. आमचे म्हणणे असे की, खरी गोष्ट तेथे सुरू होते.

बोलपटाच्या धंद्याचे एक गणित आहे. कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो. रंगभूमीवर दहाव्या रांगेतल्या प्रेक्षकाला जी सुरकुती दिसत नाही, ती पडद्यावर हातभर होऊन दिसते. नायकाच्या बाबतीत ही सुरकुती खपते. नायिकेच्या बाबतीत खपत नाही. ह्यात निर्मात्यांना एकट्याने दोष देण्यात अर्थ नाही, कारण तिकीट काढणारे आपणच असतो. १९४० साली दुर्गाबाईंनी पस्तिशी गाठली होती. ह्या वयाला पोचलेल्या नटीपुढे दोन वाटा असत: घरी बसावे, किंवा मिळेल ती म्हातारीची भूमिका पत्करावी. दुर्गाबाईंना घरी बसणे परवडणारे नव्हते, आणि मिळेल ते पत्करण्याचा त्यांचा पिंड नव्हता.

त्यांनी काय केले ते पाहा. १९४१ साली आचार्य अत्रे यांचा 'पायाची दासी' आला. त्यांत सून वनमाला आणि छळवादी सासू दुर्गाबाई. कालची तारामती आज सुनेला छळते, हे प्रेक्षकांनी कसे पत्करावे? पण पत्करले. ह्याच बोलपटाच्या 'चरणों की दासी' ह्या हिंदी अवतारातील अभिनयाबद्दल बंगालच्या चित्रपत्रकारांच्या संस्थेने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरविले. पुढच्या वर्षी विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप'मध्ये सीता झाल्या शोभना समर्थ आणि दुर्गाबाई झाल्या कैकेयी. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९३४ साली कलकत्त्यास तयार झालेल्या 'सीता' बोलपटात स्वतः दुर्गाबाईच सीता होत्या, आणि राम होते पृथ्वीराज कपूर. आठ वर्षांत सीतेची कैकेयी झाली! दुसरी एखादी नटी ह्याला अधःपात म्हणाली असती. दुर्गाबाईंच्या कैकेयीलाही त्याच बंगाली पत्रकारांनी पुन्हा पारितोषिक दिले. १९४३ साली सोहराब मोदी यांच्या 'पृथ्वीवल्लभ'मध्ये त्या मृणालवती झाल्या. कन्हैयालाल मुनशी यांच्या कादंबरीतली ही मृणालवती तारुण्य मागे टाकलेली, कठोर व्रतस्थ राजभगिनी आहे. बंदिवान मुंजाला नमवायला जाते आणि स्वतःच हरते. वय हा ह्या भूमिकेचा दोष नव्हे, तोच तिचा विषय आहे. अशी भूमिका विशीतल्या मुलीला झेपत नाही.

पण अशा भूमिका बोलपटांत किती निघणार? नायिकेची आई आणि नायकाची आई ह्यांच्या पलीकडे पडद्याची कल्पना फारशी धावत नव्हती. तेव्हा दुर्गाबाई रंगभूमीकडे वळल्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतील त्यांची कामे हा त्यांच्या आयुष्याचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि दुर्दैव असे की, तोच आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेला नाही. बोलपट जत्रेतल्या तंबूतही पाहायला मिळे. गिरगावात केळेवाडीस होणारा प्रयोग मात्र तेथेच जाऊन पाहावा लागे, आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपणारे नाटक पाहून त्याच रात्री कशेळ्यास परतणे कोणाला शक्य होते? फिल्म डब्यांत राहते. नाटकाचा प्रयोग पडदा पडला की गेला.

साहित्य संघात त्यांनी ज्या भूमिका केल्या त्यांपैकी दोन येथे मुद्दाम सांगावयाच्या आहेत. एक खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई. दुसरी 'राजमुकुट'मधील राणी. वि. वा. शिरवाडकर यांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून लिहिलेले हे नाटक १९५४ साली हर्बर्ट मार्शल ह्या इंग्रज दिग्दर्शकाने बसविले. नायक नानासाहेब फाटक, आणि लेडी मॅकबेथच्या जागी दुर्गाबाई. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली झालेला खून आणि 'ध'चा 'मा' करणारी आनंदीबाई, ही कथा महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. इतिहासात ते अक्षर कोणी बदलले ह्याचा वाद वेगळा; लोकांच्या मनांत आनंदीबाईच बसली आहे. नवऱ्याला गादी मिळावी म्हणून रक्ताला न भिणारी बायको, ही आनंदीबाई आणि लेडी मॅकबेथ ह्या दोघींचीही जात. कैकेयीने गादी मागितली ती मात्र पुत्रासाठी. म्हणजे पस्तिशी ते पन्नाशी ह्या पंधरा वर्षांत दुर्गाबाईंनी सिंहासनाकडे हात लांबविणाऱ्या तीन स्त्रिया उभ्या केल्या. हा योगायोग आहे असे आम्ही मानीत नाही. सुंदर दिसण्याची सक्ती संपली की, स्त्रीच्या महत्त्वाकांक्षेचे चित्र रंगविण्यास नटी मोकळी होते.

ह्या भूमिकांत आणखी एक मौज आहे. खाडिलकरांनी 'भाऊबंदकी' १९०९ साली रंगभूमीवर आणले, तेव्हा आनंदीबाई पुरुष नटाने करावयाची होती. शेक्सपिअरच्या काळीही लेडी मॅकबेथ मिसरूड न फुटलेली पोरेच करीत. मराठी रंगभूमीवर घरंदाज स्त्रिया सरसकट दिसू लागल्या त्या नाट्यमन्वंतरच्या १९३३ मधील 'आंधळ्यांची शाळा'नंतर. तेव्हा ह्या दोन्ही राण्यांना खऱ्याखुऱ्या, संसार केलेल्या, वैधव्य सोसलेल्या, मुले वाढविलेल्या बाईचा आवाज मिळणे ही नवी गोष्ट होती. स्त्रीवेष घेणाऱ्या नटांची कला मोठी होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ती स्त्रीकडे बाहेरून पाहणारी कला होती. दुर्गाबाईंना बाहेरून पाहण्याचे कारणच नव्हते. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला.

फ्रान्सच्या सारा बर्नहार्ट ह्या विख्यात नटीने १८९९ साली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, स्वतःच्या नाट्यगृहात हॅम्लेटची भूमिका केली. ह्यातले 'स्वतःच्या नाट्यगृहात' हे शब्द आम्हांला महत्त्वाचे वाटतात. वय वाढलेल्या नटीला स्वतःचे छप्पर असेल तरच तिला स्वतःची निवड असते. दुर्गाबाईंनी नाट्यगृह बांधले नाही. पण लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपट काढणारी संस्था उभी केली, आणि पुढे 'दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स' ह्या नावाने ती चालविली. हा धंदा झगमगाटाचा नव्हे. मिनिटभराच्या पटासाठी आठवडाभर खपावे, हिशेब जुळवावेत, गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळावी, असा तो व्यवहार. नटीने हे करावयाचे म्हणजे लोकांना गंमत वाटे. पण अभिनयावर पोट अवलंबून राहिले नाही म्हणजे भूमिका नाकारता येते, ही साधी गोष्ट आमच्या कलावंतांना फार उशिरा उमगते.

आता 'मुघल-ए-आझम'मधील जोधाबाईकडे पुन्हा पाहावे. १९३४ चे राम-सीता येथे अकबर-जोधा होऊन भेटतात. मधल्या काळात सीतेने कैकेयी, मृणालवती, आनंदीबाई आणि स्कॉटलंडची राणी पचविलेली आहे. त्यामुळे ही जोधा केवळ रडणारी माता राहत नाही. तिला सत्ता म्हणजे काय ते ठाऊक आहे आणि आपल्या हाती ती नाही हेही ठाऊक आहे. तिच्या गप्प राहण्यालाही म्हणून वजन येते. साध्या घरातली आई जेव्हा त्यांनी केली, तेव्हाही मान ताठच राहिली. जेम्स आयव्हरी यांच्या पहिल्या कथापटात, १९६३ च्या 'द हाउसहोल्डर'मध्ये, त्या शशी कपूरच्या आई झाल्या, आणि तेथे तर आपल्या लाडक्या मुलाच्या संसारात लुडबुड करणाऱ्या आईची थट्टाच आहे. हृषीकेश मुखर्जींच्या 'अनुपमा', 'बावर्ची' आणि 'अभिमान'मधील त्यांची कामे लहान आहेत. मोठ्या नटीने लहान काम कसे करावे, हे शिकण्यासाठी तरी ती पाहावीत.

१९७३ च्या 'बॉबी'तील ब्रगांझाबाई हे आमच्या विशेष आवडीचे काम. अडुसष्टाव्या वर्षी, फ्रॉक घालून, एका श्रीमंताच्या मुलाला वाढविणारी आणि मग बाजूस सारली गेलेली ख्रिस्ती दाई त्या झाल्या. राजमुकुट नाही, दरबार नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या 'बिदाई'तील आईसाठी फिल्मफेअरने त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक दिले. ह्या सर्व भूमिका सारख्याच तोलाच्या होत्या असे मात्र आम्ही म्हणणार नाही. सत्तरीच्या दशकातील पुष्कळ बोलपटांत त्यांना देवघरापुढे हात जोडणे आणि मुलाची वाट पाहणे एवढेच उरले होते. १९८० च्या 'कर्ज'मधील मुलाचा खून झालेली आईही त्याच साच्यातली. दुर्गाबाई तेथे साचा मोडीत नाहीत. तो स्वच्छ ठेवतात. ज्या बाईने आनंदीबाई केली तिला पडद्याने एवढेच द्यावे, ह्याची खंत आम्हांला वाटते.

सरकारने १९६८ साली पद्मश्री दिली, १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला. घरातही रंगभूमी चालूच होती. त्यांचा मुलगा हरीन यांची पत्नी म्हणजे विजयाबाई. पुढे विजया मेहता ह्या नावाने त्यांना सारा महाराष्ट्र ओळखू लागला. १९६० साली 'रंगायन' सुरू करणाऱ्यांत त्या अग्रभागी होत्या. सासू खाडिलकर-शिरवाडकरांच्या नाटकांत उभी राहिलेली, तर सून तेंडुलकरांच्या नाटकांत नवे काही शोधणारी. एका कुटुंबाला मराठी नाटकाचे दोन काळ लाभले. हरीन मात्र अकाली गेले.

दुर्गाबाईंनी 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र लिहिले. शांता गोखले यांनी त्याचे इंग्रजी भाषांतरही केले आहे. आमच्या श्रोत्यांपैकी ज्यांना नाटक पाहता आले नाही त्यांनी ते अवश्य वाचावे. उत्तर आयुष्यात त्या मुंबई सोडून अलिबागकडे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, राहावयास आल्या. पण काम सुटले नव्हते. १९८८ साली दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' ही मालिका सुरू झाली. आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांतला सामान्य कारकून, कुंदन शाह यांचे दिग्दर्शन, आणि निर्मिती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. भाडे, बस, साहेबाची मर्जी आणि महिनाअखेर ह्यांत सापडलेला तो वागले आमच्याकडेही लोकांनी हसत हसत पाहिला. ती मालिका काढणाऱ्या संस्थेची मालकीण त्र्याऐंशी वर्षांची आहे, हे किती जणांना ठाऊक होते? २२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाई गेल्या.