डोक्याची जखम भरली, तरी मुलाकडे लक्ष का हवे?

न्हावरे (ता. शिरूर) : शिरूर-चौफुला रस्त्यावर उसाच्या हंगामात ट्रॉल्यांची रांग लागते. त्यातून वाट काढणाऱ्या दुचाकींवर मागे शाळकरी मुले असतात. असे मूल डोक्यावर पडते, टाके पडतात, सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ येतो. ‘थोडक्यात निभावले,’ म्हणून घरचे सुटकेचा श्वास सोडतात. काही मुलांच्या बाबतीत मात्र दुखापतीचा परिणाम काही वर्षांनी समोर येतो.

उशिरा का दिसतो?
लहान मेंदू लवकर सावरतो, असा समज बराच काळ होता. प्रत्यक्षात लक्ष, नियोजन आणि रागावरचा ताबा सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. दुसरीतल्या मुलाकडून ही कामे फारशी अपेक्षित नसतात. सातवी-आठवीत अभ्यास वाढला की उणीव उघडी पडते. तोवर अपघात विस्मरणात गेलेला असतो आणि मूल ‘आळशी’ ठरते.

स्कॅन नॉर्मल, मग चिंता कसली?
सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा कवटीचा तडा दिसतो. चेतातंतूंची सूक्ष्म इजा बहुधा दिसत नाही. सौम्य दुखापतीतून बहुतेक मुले महिनाभरात बरी होतात. त्यानंतरही डोकेदुखी, थकवा, विसराळूपणा, चिडचिड किंवा झोपेच्या तक्रारी राहिल्या, तर मेंदुविकारतज्ज्ञांना दाखवावे.

तातडीने रुग्णालयात कधी?
वारंवार उलट्या, वाढती गुंगी, आकडी, हातापायात अशक्तपणा, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे, यापैकी काहीही दिसले तर थांबू नये.

शाळेने काय करावे?
सुरुवातीचे एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू अभ्यास. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत कबड्डी, कुस्ती बंद. पुढची बाके, छोटे गृहपाठ आणि लिहायला जादा वेळ, एवढ्यानेही फरक पडतो.

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे. मागे बसलेल्या मुलालाही. अल्पवयीनाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पालकांनी एक गोष्ट जरूर करावी : अपघाताची फाइल जपून ठेवावी आणि दरवर्षी नव्या वर्गशिक्षकांना त्याची कल्पना द्यावी.